तोंडचं पाणी

समितीची बैठक अकरा वाजता होती. विषय एकच होता: वही क्रमांक सात, पान बेचाळीस, तीन नोंदी. त्या नोंदी प्रयोगशाळेच्या सहायक बाईंच्या हातच्या होत्या. त्यांवर काट मारून शेजारी ‘हाताची चूक’ असं लिहायला आणि सही करायला बाईंनी दोनदा नकार दिला होता. तिसऱ्यांदा दिला तर एकोणीस वर्षांची नोकरी जाईल, असं विभागप्रमुखांनी लेखी कळवलं होतं.

बाईंना सगळे थुंकीताई म्हणत, तोंडावरसुद्धा. दर सोमवारी त्या पाच मिनिटं नळीत थुंकत, लाळ मोजत आणि तिच्यावर रसायनं पारखून घेत. मगच उंदरांच्या लाळग्रंथींकडे वळत. रसायनच खोटं बोलायला लागलं तर उंदीर बिचारा काय करील, असं त्यांचं म्हणणं.

काम ॲड्रेनॅलिनचं होतं, म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात सुटणाऱ्या द्रव्याचं. लाळ तयार करणाऱ्या पेशींवर त्याला ओळखणारे रिसेप्टर असतात, कुलपांसारखे. त्यांच्या मुख्य जाती दोन, अल्फा आणि बीटा. बीटा म्हणजे लाळेच्या पाण्याचा नळ, तो औषधानं बंद केला की तोंड कोरडं, असा विभागप्रमुखांचा सिद्धांत होता. त्यावरचा लेख छापायला जायचा होता आणि या तीन नोंदी आडव्या आल्या. बीटा बंद केल्यावरही ग्रंथीतून पाणी जवळपास तेवढंच आलं होतं. निम्म्याहून कमी झालं होतं ते त्यातलं स्टार्च फोडणारं पाचक द्रव्य.

सकाळी डबा भरताना नणंद म्हणाली होती की वहिनी, एक रेघ मारायची, त्यात हात झिजणार आहे का? थुंकीताईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि निघाल्या.

समितीत तिघं होते, विभागप्रमुख त्यांतलेच एक. अध्यक्षबाई दुसऱ्या विभागातल्या होत्या. त्यांनी नोंदींबद्दल विचारलं तेव्हा थुंकीताई उभ्या राहिल्या, पण शब्द फुटेना. जीभ टाळूला चिकटली होती. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला.

विभागप्रमुख खुर्चीत मागे रेलले. “पाहिलंत? तोंडचं पाणी पळालं. नोंदी खऱ्या असत्या तर पळालं असतं का?”

थुंकीताईंनी ग्लास न पिता खाली ठेवला.

“पळालं,” त्या म्हणाल्या. “पाणीच पळालंय, सर. मला पाच मिनिटं द्या.”

एप्रनच्या खिशातून त्यांनी नळी काढली. पाच मिनिटं तीन शिकलेली माणसं भिंतीवरच्या घड्याळाकडे निरखून बघत बसली. लाळ जमली पाऊण मिली. सोमवारी बरोबर दोन मिली होती. शेजारच्या खोलीतून बाईंनी स्टार्च आणि आयोडीन आणलं. नेहमीइतकीच लाळ नेहमीच्याच प्रमाणात पातळ करून त्यांनी निळ्या द्रावणात सोडली आणि वेळ मोजायचं घड्याळ अध्यक्षबाईंच्या हातात दिलं. सोमवारी निळा रंग जायला चार मिनिटं दहा सेकंद लागले होते. आज दोन मिनिटं पाच सेकंदांत नळी स्वच्छ झाली, म्हणजे स्टार्च फोडणारं द्रव्य तेवढ्याच लाळेत दुप्पट होतं.

मग त्यांनी शांतपणे समजावलं. माणूस घाबरला की लाळेचं पाणी सोडणाऱ्या दुसऱ्या नसांना मेंदूच गप्प करतो. त्यात बीटाचा दोष नाही. उलट बीटा अशा वेळी जागा असतो, पेशीतलं पाचक द्रव्य बाहेर ढकलत राहतो. म्हणून लाळ थोडी येते, पण दाट येते.

“नळ वेगळा आहे, सर. बीटा पाणी सोडत नाही, माल सोडतो.”

एका बाईच्या थुंकीवर विज्ञान चालत नाही, असं विभागप्रमुख म्हणाले. थुंकीताईंना ते पूर्ण मान्य होतं. एका नमुन्यानं काहीच सिद्ध होत नाही, म्हणून तर वहीत तीन आहेत, आणि तेही उंदरांचे, असं त्या म्हणाल्या.

“माणसाचा आणखी एक हवा असेल तर तुमचा द्या. आत्ता चांगला येईल.”

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. विभागप्रमुखांचा हात ग्लासाकडे गेला. त्यांनी अर्धा ग्लास पाणी प्यायलं.

“आता बिघडला नमुना,” थुंकीताई म्हणाल्या.

निर्णय पंधरा दिवसांत लेखी मिळेल, असं समितीनं सांगितलं. अध्यक्षबाईंनी वही पुढे सरकवली आणि नियमाप्रमाणे शेवटचं विचारलं: नोंदींवर काट मारता का?

“एकदा थुंकलेलं मी चाटत नाही, मॅडम.”

त्यांनी पान उलटलं आणि पेननं चौथी नोंद केली. नमुना: स्वतःचा. अवस्था: भीती. पाणी: पाऊण मिली. रंग जाण्याचा वेळ: दोन मिनिटं पाच सेकंद. तारीख, सही. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी जरा मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हात ठीक.’