कोळशाची रेघ

"अंडी विषम मांड, लंके. एकेकावर कोळशाची रेघ वढ, म्हंजी दुसऱ्या कोंबडीनं मधी घातलेलं ताजं अंडं वळखू येतं. आन एकदा कोंबडी बसली का हात लावायचा नाय. आत जीव धरत आसतो."

सासू नवसाबाई जाऊन बारा वर्षं झाली, तरी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवताना लंकाबाईच्या कानात हे बोलणं यायचंच. यंदा मात्र तिनं पाटीत भुसा पसरून अकरा अंडी मांडली ती परक्या घरी. पिंपळगावच्या अलीकडं, द्राक्षबागेत, नाशिकच्या ज्योत्स्नाताईंनी घर बांधलं होतं. रुद्र आणि सायली या दोन्ही लेकरांना शाळेतून काढून त्या घरीच शिकवत. लंकाबाई तिथं झाडलोट करायची, गुरं-कोंबड्या बघायची.

"पुस्तकातलं चित्र नको. खरा जीव बघायचा," ताई म्हणाल्या. दर तिसऱ्या दिवशी एक अंडं फोडायचं, बशीत ओतायचं, वहीत लिहायचं.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा ठिपका. सहाव्या दिवशी काळा डोळा. नवव्या दिवशी बशीत इवलंसं काहीतरी हलत राहिलं आणि रुद्र घड्याळ लावून बसला.

"चार मिनिटं," तो म्हणाला. "चार मिनिटं वीस. संपलं."

सात वर्षांची सायली गोठ्यात येऊन लंकाबाईच्या लुगड्यात तोंड खुपसून बसली. "आजी, एक तरी पिल्लू राहू दे ना."

"देईन गं बाई तुला येक. माझ्या मुंग्यांच्या पिठाची आण."

रोज मुंग्यांना चिमूटभर पीठ घातल्याशिवाय लंकाबाई घास घेत नसे. तिच्या लेखी याहून मोठी आण नव्हती.

मग तिनं फसवलं. बाराव्या दिवशी दुसऱ्या कोंबडीचं ताजं अंडं घेतलं, त्यावर कोळशाची रेघ ओढली आणि ताईंच्या हातात दिलं. बशीत नुसता पिवळा बलक. पंधराव्या दिवशीही तेच.

ताईंनी वही मिटली. "बिघडलीत सगळी. वास सुटायच्या आत फेकून दे, रुद्र. त्या खड्ड्याजवळच्या दगडावर."

लंकाबाई हातातला खराटा टाकून पुढं आली. "नका, ताई. म्याच ताजी अंडी दिली तुमाला, रेघ वढून. खालची समदी जित्ती हायती. उन्हाला धरून तं बघा."

ताई मायेनं हसल्या. "तुमचा जीव तुटतो, कळतं मला. पण मुलांसमोर असं काहीबाही सांगू नका, मावशी."

तेवढ्यात रुद्रनं पहिलं भिरकावलं होतं. दगडावर ओली पिसं पसरली. बारकी चोच उघडली, मिटली, परत उघडली.

"मम्मा, हे हलतंय."

ताई धावत गेल्या. लंकाबाईला वाटलं, आता तरी. ताईंनी वाकून पाहिलं आणि फोनवर फोटो काढला.

"मावशी खरंच बोलत होत्या की. बघ, पंधरावा दिवस, पिसं फुटलीत." मग त्या लंकाबाईकडं वळल्या. "तुमच्यामुळं दोन नोंदी चुकल्या आमच्या. आता आणा सगळी ओट्यावर. एकदमच उघडू, कोणाची वाढ किती ते ताडून बघता येईल."

पाटी लंकाबाईलाच आणावी लागली. कोंबडी हातावर टोचत राहिली. तिनं टोचू दिलं.

ओट्यावर सात बश्या मांडलेल्या. अंडी सहाच भरली.

"एक कुठाय?" रुद्रनं विचारलं.

"कोंबडीनं फोडून खाल्लं आसंल," लंकाबाई म्हणाली. हे खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

सहा बश्या घासायलाही तिच्याकडंच आल्या. मग ती पीठ घेऊन ओट्याखाली वाकली, तर मुंग्यांची रांग आधीच वरून सांडलेल्याकडं लागली होती. तिनं चिमूट तशीच पदराला बांधली. त्या दिवशी ती जेवली नाही.

फाटकाशी सायली उभी होती. रडून डोळे सुजलेले. "तू आण घेतली होतीस."

लंकाबाईनं पोरीचा हात धरून आपल्या चोळीवर ठेवला. आत काहीतरी गोल होतं, ऊन होतं.

"आजी, कुठं नेतेस?"

"गावात, माजिदाकडं. तिची कोंबडी परवा खुडूक बसली. सहा दिस ऱ्हायलेत आजून. बोलायचं नाय कुनाला."

छातीशी हात धरून, ठेच लागू नये म्हणून खाली बघत, लंकाबाई बांधावरून हळूहळू गावाकडं निघाली.