परतीचं पाणी

मी पाच लिटरचा कॅन बोलतोय. प्लॅस्टिकचा, एके काळी पांढरा, आता जुन्या दातांसारखा पिवळा. मला कुठे भेग नाही, बूच घट्ट बसतं, थेंबभर गळत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकून तुम्ही म्हणाल, कॅनच फुटका असेल. नव्हतो हो. त्या दिवशी मी काठोकाठ भरलेला होतो. तेच तर माझं दुखणं आहे.

जन्म कारखान्यातला. गरम साच्यातून आम्ही मिनिटाला आठ-दहा जण बाहेर पडायचो, सगळे एका चेहऱ्याचे. सुरुवातीला माझ्या पोटात खायचं तेल होतं. हमरस्त्यावरच्या एका खानावळीने ते संपवलं आणि मला मागच्या दारी भिरकावलं. तिथून एका ट्रक ड्रायव्हरने मला उचललं. सोडा टाकून, उकळत्या पाण्याने तीनदा घासलं, नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाला, "चल, बस गाडीत."

त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. क्लीनर म्हणायचे, पंपावरचे म्हणायचे. बायकोही चिडली की म्हणायची, "या उस्ताद, सापडलं का घर?" म्हणून मीही उस्तादच म्हणतो.

पहिल्याच उन्हाळ्यात वाळवंटातल्या रस्त्यावर आमचा रेडिएटर फुटला. त्या वेळच्या क्लीनरने सकाळीच माझ्यातलं पाणी तोंड धुवायला आणि काच पुसायला उडवून टाकलं होतं. दीड दिवस एक गाडी फिरकली नाही. शेवटी शेवटी तर उस्ताद माझ्या बुचाच्या आतला ओलावा चाटत होता, आणि मी सीटखाली रिकामा आडवा पडलेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. दोघेही वाचले कसेबसे. घरी आल्यावर उस्तादने स्क्रूड्रायव्हर तापवला आणि माझ्या पोटावर अक्षरं डागली: परतीचं. चर्रकन भाजलं, पण मी हूं की चूं केलं नाही. चूक माझीही होतीच, असं तेव्हा वाटायचं.

तेव्हापासून त्याचा नियम पक्का झाला. गाडीत एक कॅन भरलेला राहणार आणि घर येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. क्लीनर बदलले, ट्रक बदलले, मी तोच. आणि घर आलं की उस्ताद चपला काढायच्या आधी माझं पाणी दारातल्या लिंबाच्या झाडाला घालायचा. रंगाच्या जुन्या डब्यात लावलेलं ते झाड. पाणी डब्यात पडल्याचा आवाज झाला की आतून त्याच्या बायकोची हाक यायची, "आलात?" बेल अशी कधी वाजवावीच लागली नाही. चोवीस वर्षं मी लांबलांबचे रस्ते तुडवले, पण माझं पाणी माणसाच्या घशात काही गेलं नाही. सगळं त्या लिंबाने प्यायलं. त्याची लिंबं मात्र काय रसदार, सांगू!

पुढे उस्तादच्या डोळ्यांनी दगा दिला, लायसन्स गेलं आणि आम्ही दोघं घरी बसलो. तो खुर्चीत, मी माळ्यावर.

घरी बसलेला ड्रायव्हर म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप. त्याची बायको म्हणायची, "खिडकीत बसून लोकांच्या गाड्यांना ब्रेक लावतात हे." त्याचं बोलणं फिरून फिरून एकाच जागी यायचं. वाळवंटातल्या त्या रस्त्यावर एक तपकिरी पाटी होती. डावीकडे बाण, खाली लिहिलेलं: राष्ट्रीय उद्यान, अठ्ठावीस किलोमीटर. पाटीवर खडकाच्या कमानीचं चित्र. माल पोचवायची घाई असायची, म्हणून त्या बाणाकडे तो कधी वळला नाही.

त्याची एकुलती एक लेक औषधांच्या गोदामात नोकरीला. एके दिवशी जेवताना तिने जाहीर केलं, "बाबा, मार्चमध्ये मी सुट्टी टाकतेय. तुमच्या त्या पाटीकडे वळू या. कमानीपर्यंत चालत जायचं आणि यायचं."

"चालत?" आईने विचारलं. "यांना कोपऱ्यावर दूध आणायला सांगितलं तर रिक्षा शोधतात."

"तू येतेस का ते सांग," उस्ताद म्हणाला.

"मला नको ती भट्टी. माझे गुडघे घरातच बरे आहेत."

मग सुरू झाली तयारी. काय तो थाट! जेवणाच्या टेबलावर छापून आणलेला नकाशा, त्यावर लाल पेनाने ओढलेली वाट. जायला सात किलोमीटर, यायला सात. मध्ये पाणी नाही, सावली नाही, फोनला रेंज नाही. उद्यानाच्या सूचनेत ठळक लिहिलेलं, माणशी पाच लिटर पाणी पाठीवर हवं. पोरगीने यादी केली. यादी हा तिचा प्राण. गोदामात तिची शिस्त अशी की वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्यापुढे बरोबरची खूण करायची नाही. वरिष्ठांनी तोंडी सांगितलं तरी ही उठून फळीपर्यंत जाणार. एकदा तिच्या या खोडीमुळेच चुकीच्या औषधाचे सहा खोके परत गेले होते, असं ती अभिमानाने सांगायची.

यादीत टोप्या, शिट्टी, आरसा, मीठ-साखरेच्या पुड्या. आईने मधेच घुसून लिहायला लावलं, "चादर. वाळवंटात पहाटे गारठा असतो." पोरगी म्हणाली, "आई, ओझं होईल." पण चादर यादीत गेलीच.

मला माळ्यावरून काढण्यात आलं. कशाला? तर सरावाला! उस्ताद मला भरून पिशवीत घालायचा, पिशवी पाठीला लावायचा आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिने चढायचा. रोज सकाळी दहा फेऱ्या. वरचे शेजारी विचारायचे, "उस्ताद, गच्चीवर माल उतरवताय का?" पहिल्या आठवड्यात त्याचा श्वास भात्यासारखा वाजायचा. महिन्याने तो शीळ घालत चढायला लागला. माझी आणि त्याच्या पाठीची अशी गट्टी जमली की काय विचारता! पहिल्यांदाच मी सीटखाली नव्हतो.

निघायच्या आदल्या दिवशी दोन नवे कॅन आले. ठरलं असं की नवे दोघांच्या पाठीवर आणि मी गाडीत, माझ्या जागी. उस्ताद म्हणाला, "वाहन कोरडं ठेवायचं नाही." मला जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडी पोरगी चालवत होती. उद्यानाच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मागचा जॅक सरकून एका नव्या कॅनवर बसला. त्याची मान फाटली. पाणी सगळ्या सामानात. बूट ओले, पिशव्या ओल्या. ते निस्तरण्यात दोन तास गेले.

"हरकत नाही," पोरगी बूट उन्हात ठेवत म्हणाली. "माझ्याकडे नवा, तुमच्या पाठीवर जुना. जिन्यावर तोच तर होता. गाडीत कशाला हवं पाणी? परतताना चौकीवर नळ आहे."

उस्ताद नुसतं "हं" म्हणाला. ते "हं" मी ओळखत होतो. मालकाने जास्त माल भरायला सांगितला की तो असंच "हं" म्हणायचा आणि मग करायचं तेच करायचा.

चौकीवरच्या वनरक्षकाने विचारलं, "पाणी किती?" उस्तादने आम्हा दोघांना उचलून दाखवलं. वनरक्षक म्हणाला, "साडेआठ वाजलेत, काका. उशीर झालाय. आज अर्ध्यातूनच फिरा."

"तीस वर्षं पाटी पाहतोय, साहेब. आता अर्ध्यातून कसा फिरू?"

वाट जिथून सुरू होते तिथे गाडी लावली. पोरगी फलक वाचायला पुढे गेली. उस्तादने मला पिशवीतून काढलं. मला वाटलं, बूच तपासतोय. त्याने फडक्यात गुंडाळून मला ड्रायव्हरच्या सीटखाली सरकवलं. वरून दोनदा थोपटलं. "बस इथेच," म्हणाला. मग पिशवी फुगलेली दिसावी म्हणून तिच्यात चादर कोंबली.

अहो उस्ताद, मी ओरडत होतो. ही मालाची गाडी नाही, तुम्हाला पायी जायचंय! पण कॅनचं ओरडणं कोण ऐकतो?

लांबून पोरगीने विचारलं, "बाबा, कॅन घेतला?"

"घेतला गं."

कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. ती आली नाही, पिशवी उघडली नाही. बापाचा शब्द होता ना. गोदामात तिने कुणाचा मानला नसता.

मग मी आणि गाडी. काचा बंद. दहाला पत्रा तापला, बाराला सीटचा वास सुटला. माझं पाणी चहासारखं गरम झालं. त्यात ती दोघं उन्हात. एका कॅनवर दोघं. मी भरलेला होतो आणि नुसता वाट पाहत होतो. असली शिक्षा वैऱ्यालाही नको.

दोननंतर कधीतरी दार उघडलं. पोरगी एकटीच होती. ओठ पांढरे, हातात किल्ली. तिने सीटखाली हात घातला, मला ओढून छातीशी धरलं आणि उलट पावली धावत सुटली.

धावता धावता ती बोलत होती, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. त्यातून मला कळलं. "आधी तुझा हलका करू," असं म्हणून उस्तादने दोघांनाही तिच्याच कॅनमधलं प्यायला लावलं होतं, आणि कमानीपर्यंतच तो तळाला गेला होता. तिने म्हटलं, बाबा, तुमचा काढा. पिशवीतून निघाली चादर. उस्ताद ओशाळं हसला आणि म्हणाला, "गाडीत आहे. परतीचं." तिथून पुढे तो नुसते ओठ ओले करत आला होता, उरलेलं तिला पुरावं म्हणून. परतताना त्याचे पाय लटपटायला लागले, शब्द घसरायला लागले. गाडी दोन किलोमीटरवर असताना तो एका खडकाच्या वीतभर सावलीत बसला. तिच्या हातात किल्ली देऊन म्हणाला, "जा, घेऊन ये. बघ, वाहन कोरडं नाहीये." एवढं त्याने अगदी स्पष्ट म्हटलं.

"माझं चुकलं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी बघायला हवं होतं. मी बघितलंच नाही."

वाटेत ती दोनदा पडली. दोन्ही वेळा मला खाली लागू दिलं नाही. तिच्या घशात काटे उभे राहिले असतील, पण तिने बूच उघडलं नाही. अगं बाई, घोटभर तरी पी! परतीच्या पाण्याला हात लावायचा नाही, हे तिच्याही अंगात भिनलं होतं.

उस्ताद खडकाला टेकून बसला होता. टोपी तोंडावर. तिने टोपी काढली, मला उघडलं, त्याच्या डोक्यावर ओतलं, मानेवर ओतलं, मग बोटांनी ओठ उघडून तोंडात. पाणी ओठांच्या कडेने शर्टावर सांडलं. तिने पुन्हा ओतलं, पुन्हा सांडलं. "बाबा, गिळा. बाबा, गिळा ना." चोवीस वर्षं मी ज्या क्षणासाठी भरून राहिलो तो हाच, आणि गिळायला उस्ताद उरला नव्हता.

चौकीवरचा वनरक्षक उशीर झाला म्हणून शोधत आला तेव्हा ती तशीच बसली होती, उस्तादचं डोकं मांडीवर, शेजारी मी. त्याने तिला स्वतःच्या बाटलीतलं पाजलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "पाणी नव्हतं का?"

"होतं," ती म्हणाली. "भरपूर होतं."

कागदपत्रं, सह्या यांत रात्र गेली. आईला फोनवर ती एवढंच बोलू शकली, "उद्या दुपारी पोचतो." उस्तादला आणणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवायला सांगून पोरगी पुढे आली. हातात मी होतो, पोटात दीडेक लिटर उरलेलं.

दाराशी ती कितीतरी वेळ उभी राहिली. बेलकडे हात नेला, मागे घेतला. शेवटी तिने माझं बूच काढलं आणि मला लिंबाच्या डब्यावर वाकवलं. बहुतेक बाप करायचा ते करावं, एवढंच तिला सुचलं.

पाण्याचा आवाज झाला.

"आलात?" आतून हाक आली. "हातपाय धुवा, चहा टाकते."

मी शेवटच्या थेंबापर्यंत गळत राहिलो, कारण मी थांबलो असतो तर तिला बोलावं लागलं असतं. पण दीड लिटर पाणी पुरून किती पुरणार?

आता मी त्या डब्याशेजारीच उपडा पडलेला असतो. फेकायचा धीर कुणाला होत नाही, भरायचाही होत नाही. लिंबाला आई नळाची नळी लावते, डब्यात पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून.

माझी एवढीच विनवणी आहे. वाळूत, डोंगरात कुठेही पायी निघालात तर मला गाडीत ठेवू नका. मी जड आहे, मला माहीत आहे. पाठ दुखेल, खांदे सोलतील. शिव्या द्या मला, वाटभर कुरकुर करा. पण मला पाठीवर घ्या, आणि तहान लागली की प्या हो.