खडूची खूण

मावशींनी हेल्मेट दोन्ही तळहातांत धरलं, कलिंगड पारखावं तसं दोन्ही बाजूंनी दाबलं आणि कानाशी नेलं. काही आवाज आला नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. मग त्यांनी डब्यातला खडू घेऊन आतल्या थर्माकोलच्या काठावर एक पांढरी खूण केली आणि हेल्मेट लेकीच्या हातात दिलं.

“घे. अगदी गप्प आहे,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाबांसारखं.”

“बाबा गप्प नव्हते. तू बोलू द्यायची नाहीस.”

दुकानाच्या मागच्या खोलीत मावशी बावीस वर्षं बसत होत्या. पुढे मालक हेल्मेटं, हातमोजे, जाकिटं विकत. मागे मावशी वापरलेल्या हेल्मेटांची अस्तरं बदलत, हनुवटीखालचे पट्टे शिवत. पण त्यांचं खरं काम कानाचं. हेल्मेट एकदा जोरात आपटलं की वरून नवंकोरं दिसलं तरी आतला थर्माकोल तडकलेला असू शकतो, आणि असं हेल्मेट डोक्यावर असलं काय नि नसलं काय, सारखंच. ते दाबलं की बारीक कर्र वाजतं. तो आवाज मावशींना ऐकू यायचा, आणि त्यांची खूण असल्याशिवाय मालक जुनं हेल्मेट विकत नसत. गिऱ्हाईकही विचारायचं, “मावशींनी कान लावलाय ना?” देवाने एकेकाला एकेक देणगी दिलेली असते, मावशींना कान दिला होता, आणि काम सुरू करण्याआधी रोज त्या हात जोडून त्याचे आभार मानत.

लेकीला घरोघरी जाऊन रुग्णांची मलमपट्टी करण्याची नोकरी लागली होती. त्यासाठी महिनाभरात ती मोटरसायकल शिकली. आज पहिला दिवस. रस्ता शहराबाहेरून जाणारा, ट्रकांचा. दुकानामागच्या अंगणात तिने, शिकताना सांगितलं होतं तशी, चाकांची हवा पाहिली, साखळीला तेल दिलं, दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, कोपराला जाड गाद्या असलेलं जाकीट घातलं. मग आईला हाक मारली. शेवटी आत येऊन तिने खांद्याला हात लावला तेव्हा मावशी दचकल्या.

“आई, तीन हाका मारल्या.”

“या गोंगाटात काय ऐकू येणार?”

लेकीने खोलीभर नजर फिरवली. गोंगाट करणारं असं एक हवा भरायचं यंत्रच काय ते होतं, आणि तेही सकाळपासून बंद होतं. पण उशीर होत होता. तिने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मावशी दारात उभ्या होत्या. गाडीचा आवाज मात्र त्यांच्यापुरता वळणाच्या कितीतरी आधी संपला होता. गाडी नवी आहे, आवाज कमीच करणार, असं म्हणत त्या आत वळल्या.

दुपारी मोठ्या आवाजाचे एक गृहस्थ आले. त्यांचं हेल्मेट जिन्यावरून गडगडत खाली गेलं होतं. मावशींनी दाबलं, ऐकलं आणि चांगलं आहे म्हणून सांगितलं. गृहस्थांचा विश्वास बसेना. तडकलेलं कसं वाजतं ते तरी ऐकवा, म्हणाले.

अशा संशयात्म्यांसाठी खिळ्याला एक काळं हेल्मेट टांगलेलं असे. ते बावीस वर्षांपूर्वीच तडकलेलं होतं. त्याच्यावरच मावशींचा कान घडला होता. त्यांनी ते खाली काढलं आणि गृहस्थांच्या तोंडासमोर दाबलं.

गृहस्थ मान मागे घेत म्हणाले, “बाप रे, हे तर दार करकरल्यासारखं वाजतंय.”

मावशींना काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी दुसऱ्या कानाशी नेऊन दाबलं. कानात प्राण आणून ऐकलं. बोटांखाली तडा हलल्याचं कळत होतं, आवाज मात्र नव्हता. काही महिन्यांपासून लोक पुटपुटायला लागलेत, आजकाल हेल्मेटंही चांगली येतात, एकही तडकलेलं निघत नाही, असं त्यांना वाटत होतं. वाटत होतं की वाटून घेत होत्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मालकांना कळलं तर ही खोली जाईल, म्हणून स्वतःच्याच कानाकडे त्यांनी कानाडोळा केला होता.

त्यांनी लेकीला फोन लावला. पलीकडे वाजतोय का, तेही कळेना. गृहस्थांनी फोन कानाला लावला. वाजतोय, म्हणाले, उचलत नाहीत.

मावशी पुढे गेल्या. मालक काउंटरवर होते. त्यांच्यासमोर खडू ठेवून त्या म्हणाल्या, “मला ऐकू येत नाही. पावसाळ्यापासून माझी खूण खोटी आहे.”

मालकांना आधी थट्टा वाटली. मग त्यांचा चेहरा उतरला. ते बोलले ते मावशींना नीट ऐकू आलं नाही, आणि बरंच झालं. विकलेल्या हेल्मेटांच्या पावत्या काढून मालक एकेकाला फोन करू लागले. काहींनी उचलला. काहींचा नुसताच वाजत राहिला.

मावशी दारात येऊन बसल्या. रस्त्यावरून मोटरसायकली जात होत्या. प्रत्येक डोक्याकडे त्या पाहत होत्या, आणि मनातल्या मनात एकच नाव घेत होत्या. आवाज नसलेला रस्ता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. एकदा एक रुग्णवाहिका दिवा फिरवत गेली. तिचाही आवाज नव्हता.

ऊन भिंतीवरून उतरताना लेक आली. धुळीने माखलेली, हसरी. गाडी स्टँडवर लावत काहीतरी सांगत होती. मावशींनी तिला बोलू दिलं नाही. तिच्या डोक्यावरचं हेल्मेट स्वतः काढलं आणि तिच्याच हातांत दिलं.

“दोन्ही बाजूंनी दाब. जोरात. आणि ऐक.”

“तू लावलास ना कान?”

“तू ऐक, बाळ.”

लेकीने दाबलं. मावशी तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, आजवर हेल्मेटाला कान लावला तसं आता डोळ्यांनी ऐकत.

लेकीने चमकून हेल्मेटाकडे पाहिलं. तिने पुन्हा एकदा दाबलं. मग हातमोजा काढला आणि काठावरची खडूची खूण अंगठ्याने हलकेच पुसून टाकली.