बांधापलीकडची बोली

"तुला काय कळतंय लिलावातलं?" नवरा अंथरुणातूनच ओरडला. "बाजारहाट वाटला का तो?"

"मग उठा आणि जा तुम्ही!" धाकटी सून बोलून गेली आणि लगेच तिनं जीभ चावली. छपरावरून पडून माणसाची कंबर गेलेली. तो कुठला उठतोय! इकडं विहिरीवरच्या इंजिनानं मान टाकलेली आणि कांद्याच्या वाफ्यांना भेगा पडलेल्या. विहिरीत पाणी होतं, पण वर आणायचं कसं? तिनं घागरी ओढून बघितल्या. हाताची सालटी निघाली, वाफा काही भिजला नाही.

पलीकडच्या मळ्यातला म्हातारा वारला होता आणि त्याचा मुलगा शहरातून येऊन सगळं लिलावात विकून टाकत होता. नांगर, कुळव, गव्हाणी, विहिरीवरचं इंजिन, सगळं झाडाखाली मांडलेलं. माणसं म्हाताऱ्याच्या वस्तू उलट्यापालट्या करून बघत होती. धाकटीला कसंसंच झालं. कपाळावरचा घाम पुसायला तिनं हात वर नेला, तर पुकारणारा ओरडला, "बाईंनी गव्हाणीची बोली वाढवली!"

"नाही हो! घाम पुसत होते मी!"

सगळा मळा हसला. धाकटी मुंडी खाली घालून गर्दीच्या मागं सरकली.

इंजिनाची पाळी आली तशी ती टाचा उंचावून उभी राहिली. भंगारवाल्यानं बोली सुरू केली. तिनं हात वर केला. त्यानं वाढवली, तिनं वाढवली. शेवटी "घ्या बाई, घ्या," म्हणत तो बाजूला झाला. धाकटीनं श्वास सोडला. तेवढ्यात पुकारणारा दुसरीकडं बघून म्हणाला, "इकडून आणखी वर!"

कोण होतं ते डोक्यांच्या गर्दीतून दिसेना. तिनं पुन्हा हात वर केला. तिकडून पुन्हा बोली चढली. गळ्यातलं मोडून आली होती ती. तेही संपत आलं. माणसं एकदा इकडं बघत, एकदा तिकडं, आणि गालातल्या गालात हसत.

"बोला बाई, नाहीतर जातंय!"

तिनं हात वर ठेवूनच गर्दीत मुसंडी मारली. समोर थोरली जाऊ उभी! वाटणीच्या भांडणापासून दोघींनी एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं. थोरले दीर गेल्यापासून ती एकटीच राबत होती. तिचाही हात वर होता.

"आता गं बाई! या तर जावाजावा!" कुणीतरी खिदळलं.

थोरलीनं आणखी वाढवली. धाकटीचा हात खाली आला. दया वगैरे काही नव्हती. जवळचं संपलं होतं.

"एक वार, दोन वार, तीन वार!"

कुंपणाशी जाऊन ती मटकन खाली बसली. घरी काय सांगायचं, सुचेना. समोर कुणीतरी येऊन थांबलं.

"हात का खाली घेतलास?" थोरली विचारत होती.

"संपलं होतं, जाऊबाई."

"माझंही संपलंच होतं. आणखी एकदा वाढवलं असतंस तर तुझंच होतं ते."

धाकटीला रडूच फुटलं. थोरलीनं पदर खोचला. मग म्हणाली, "आधी तुझ्या विहिरीवर बसवू."

"आणि तुमची मिरची?"

"धरेल थोडा तग. नाही धरला तर बघू. तुझा कांदा मात्र नाही टिकायचा. रोज बघते मी बांधावरून." तिनं नाक ओढलं आणि खेकसली, "आता रडत काय बसलीस? ऊठ, उचलायला माणसं बघ!"