घानेरीची रांग

मी कोयता बोलतोय. जरा लांब बसा. मला धार हाय, आनि डोकंपन गरम हाय. जन्मच भट्टीतला, त्याला मी काय करू?

आधी मी ट्रकच्या खालचा स्प्रिंगचा पाटा होतो. चंदनसारच्या लोहारानं मला तापवलं, ठोकलं, बाकदार केलं, लाकडाची मूठ बसवली. शत्रुघ्ननं अंगठा फिरवून धार बघितली. रक्त आलं, तसा म्हनाला, "हा माज्यासारखाच हाय." तेव्हापासून मी त्याच्या कमरेला.

शत्रुघ्न शेतकरी मानूस. खाली भाताची खाचरं, वर डोंगराच्या उतरनीला गवताचं रान. रानात दोन पळस, एक मोह, बाकी सगळं छातीएवढं गवत. ते कापायचं काम माजं नाय, विळ्याचं. विळा आनि मी एकाच खुंटीला. दात भरपूर, पन बोलतो कमी. गवत कापनं म्हनजे बायकी काम, असं मी त्याला तोंडावर सांगायचो.

मग घानेरी आली. लाल-पिवळी फुलं, काळी बारीक फळं, अंगाला काटे, वास असा की शेळी तोंड फिरवते. पयल्या साली एकच झुडूप, वरच्या बांधाला. शत्रुघ्ननं मला काढला आनि एका घावात तिला आडवी केली. मी खूश.

पावसानंतर बघतो तर त्याच बुडख्यातून सात फांद्या. तो चिडला, मी चिडलो. सातही तोडल्या. पुढच्या साली किती आल्या ते मोजायची अक्कल मला नाय. पन एक गोष्ट डोक्यात बसली. घानेरी कुठंबी वाटंल तिथं उगवत नव्हती. वरच्या बांधापासून खालच्या खाचरापर्यंत, कोनी दोरी धरून लावल्यासारखी रांग. झाडाला पाय फुटतात काय? मी विळ्याला विचारलं.

"तुलाच म्हाईत असंल," तो म्हनाला.

माजं टाळकं सरकलं. मला कसं म्हाईत असनार?

रांग दोन्ही अंगांनी फुगत गेली, गवत मागं सरकत गेलं. यंदा घरातली शेवटची म्हैस मोगरी, भुकेपोटी घानेरीची पानं खाऊन बसली. डोळे पिवळे झाले, नाकाडाचं कातडं सोललं, उजेड सोसेना. शत्रुघ्नची बायको हंसा चार दिवस गोठ्याच्या काळोखात तिला पेज पाजत बसली. मोगरी वाचली.

"तबेलेवाल्याला देऊन टाकतो," शत्रुघ्न म्हनाला. "खायला काय घालू, माजं डोकं?"

"ते नको. ते खाऊन नक्की मरंल."

"लय बोलतेस गो."

"तिची आई माज्याबरोबर माहेरून, आगाशीवरनं चालत आलेली. हिला मी सोडनार नाय."

"मग गवत दाखव. दसऱ्यापर्यंत बघतो. नायतर तबेला."

दुसऱ्या दिवशी हंसा आमच्या मागं रानात आली. आमी राब तोडत होतो. भाताच्या रोपासाठी बी पेरायच्या आधी जमीन भाजायला फांद्या-पाला जाळतात, तो राब. चांगल्या फांद्या लांबून आनाव्या लागतात, घानेरी हाताशी. म्हनून कित्येक वर्सं आमी तीच तोडतो, मोळी बांधतो आनि दोरीनं ओढत खाली नेतो. रान मोकळं आनि राबपन फुकट. शत्रुघ्नला ही आपली हुशारी वाटायची. खरं सांगतो, मलापन.

हंसा मोळीमागं चालली. वाकली, एक काळं फळ उचलून पदरात टाकलं. दोन पावलांवर दुसरं. मग तिसरं. खाली येऊन तिनं नवऱ्यासमोर पदर उघडला.

"राब कसला नेताय? बी पेरताय तुमी."

शत्रुघ्ननं वर बघितलं. मोळी ओढायची वाट आनि घानेरीची रांग एकच. एरवी दगडाची ठेच लागली तरी दगडाची आई काढनारा मानूस, त्याला एक शिवी आठवंना. मी त्याच्या मुठीत होतो. त्यानं मला खाली ठेवला.

"कुदळ आना," हंसा म्हनाली. "नवी फळं धरायच्या आधी मुळासकट काढू. हिला खाली न्यायचीच नाय."

तेव्हापासून मी खुंटीला. कुदळीनं दोघांनी निम्मी रांग उपटली. तोवर मोगरीनं पेंढ्यावर दिवस काढले. पाऊस पडला, आनि उघड्या झालेल्या पट्टीवर गवत आलं. छातीएवढं नाय. गुडघ्याएवढं. दसऱ्याला शत्रुघ्ननं ते बघितलं, तबेल्याचं नाव काढलं नाय.

मला गंज चढतोय. चढू दे. तुमच्या रानात घानेरी दिसली तर माज्यासारख्या तापट मानसाला पुढं करू नका. आधी खाली वाका, मूळ कुठं जातंय ते बघा, तिच्या अंगावर फळ हाय का ते बघा. मी फक्त वरचं बघत रायलो.

काल विळा रानातून आला. दातांत हिरवं अडकलेलं.

"गवत कसं असतं रे?" मी विचारलं. इतक्या वर्सांत पयल्यांदा.

"कापलं की परत येतं," तो म्हनाला.

"घानेरीपन तेच करते. मग फरक काय?"

"मोगरीला इचार."