पाकातलं आलं

काडीच्या टोकाला टोचलेली पेरूची फोड, तिच्यावर लालसर मीठ, आणि मिठाखाली हळूहळू सुटत चाललेलं पाणी... सूयूनने ती तोंडाजवळ नेली आणि पुन्हा खाली घेतली. सुनेने हातात दिली म्हणून घेतली होती. सकाळी ताइनानला उतरल्यापासून हेच चाललं होतं – चिंगवेन काही ना काही आणत होती, कोळंबीची गुंडाळी, माशाचं सूप, आता हा पेरू – आणि सूयून कौतुकाने घेत होती, दोन घास खात होती, उरलेलं मुलाच्या हातात देत होती. तीन दिवसांची सुट्टी. पोयेनने आपणहून ठरवलेली पहिलीच. "आई, तू कुठं जातच नाहीस," तो फोनवर म्हणाला होता. "दक्षिणेला जाऊ. नुसतं भटकायचं, खायचं." ती हो म्हणाली, आणि मग रात्रभर तिला झोप आली नाही, कारण दक्षिणेला म्हणजे ताइनान, आणि ताइनान म्हणजे तिचा नवरा – म्हणजे आता नवरा कसला, कागदावर सही करून बावीस वर्षं झाली – तो ज्या बाईबरोबर निघून गेला तिचं गाव. पण शहर काही त्याच्या बापाचं नाही, असं तिने सकाळी वेणी घालताना स्वतःला बजावलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात दोन म्हातारी माणसं समोरासमोर येतात थोडीच.

रात्रीच्या बाजारात दिवे लागत होते. तव्यांवर कालवांची धिरडी चरचरत होती, धूर माणसांच्या डोक्यांवरून समुद्राकडे चालला होता, आणि एवढ्या गर्दीत पोयेन न थबकता वळत होता – इथं डावीकडे, तिथं जनरेटरच्या मागून.

"तुला रस्ता बरा माहीत," ती म्हणाली.

"येतो ना कामाला, दर महिन्याला. कारखान्यातली माणसं जेवायला इथंच आणतात."

खरं होतं. दर महिन्याला येत होता. किती वर्षं... पाच? सहा?

चौथ्या गल्लीच्या तोंडाशी तौहुआची एक गाडी होती. सोयाच्या दुधाचं मऊ, थरथरतं दही, वर गरम आल्याचा पाक. जाळी बांधलेल्या केसांची एक पंचावन्नेक वर्षांची बाई वाकून वाट्या भरत होती. तिने मान वर केली नाही. पोयेनचे बूट ओळखले असावेत.

"तौआ, उशीर केलास आज. शेंगदाणे जास्त घालू ना?"

तौआ. शेंगेतला इवला दाणा. सातव्या महिन्यात जन्मलेल्या पोराला तळहातावर घेऊन बापाने ठेवलेलं नाव... ते नाव या जगात तीनच माणसांनी उच्चारलं होतं, आणि त्यातली एक, सासू, केव्हाच गेली होती.

बाईने मान वर केली. पोयेनला बघितलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या सूयूनला.

"आई, ह्या..." पोयेन म्हणाला, आणि थांबला.

पुढे म्हणायची गरज नव्हती. मागची रांग पुढे रेटत होती. बाईने हात पुसले, एक स्टूल ओढलं. "बसा ताई."

निघून जायला हवं होतं. काडी, पेरू, सगळं तिथंच टाकून. पण सूयून बसली, आणि समोर वाटी आली तेव्हा हाताला दुसरं काही सुचेना म्हणून तिने चमचा उचलला.

आलं उन्हात वाळवलेलं. मग निखाऱ्यावर भाजलेलं. काळा गूळ, आणि अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, संत्र्याची वाळकी साल... हे सासूने मला शिकवलं, आणखी कुणालाच नाही. मुलगा घरात असतानाच ती अंथरुणाला खिळली, तेव्हा बोट दाखवून दाखवून शिकवलं. तिचा मुलगा निघून गेल्यावर चार वर्षं तिचं सगळं मीच केलं. हा पाक माझ्या चुलीवरचा आहे. आणि तो तर निघून जाण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात नुसता उभा राहायचा, सिगारेट ओढत – म्हणजे तो बघत होता. एवढ्या बारकाईने बघत होता.

"तो कुठाय?" सूयूनने विचारलं. बावीस वर्षं तिने त्याला ऐकवायला एक वाक्य तयार ठेवलं होतं, भांडी घासता घासता त्यालाही घासून लखलखीत केलं होतं.

पोयेन वाटीकडे बघत राहिला. "मार्चमध्ये गेले, आई."

मार्चमध्ये. मार्चमध्ये पोयेन दोन दिवस घरी आला होता. मांसाला शिवला नाही, पोट बरं नाही म्हणाला, आणि मी तांदळाची पेज केली, तीन वेळा केली. शर्टाला इस्त्री करताना डाव्या बाहीवर टाचणीची दोन भोकं दिसली. नवा शर्ट खराब केलास म्हणून रागावले, तर म्हणाला, कारखान्याचा बिल्ला. बिल्ला कुणी बाहीवर लावतं? बाहीवर सुतकाचं कापड लावतात. बाप गेला की मुलगा लावतो. तांदळातला खडा लांबून ओळखणारी मी... तिने सुनेकडे बघितलं. चिंगवेनने नजर खाली घातली. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. दिवसभराचे ते सगळे घास, ती सगळी कौतुकं, या स्टुलापर्यंत आणण्यासाठी होती.

बाई गिऱ्हाइकं सोडून समोर उभी होती. तिचे हात आल्याने पिवळे पडले होते.

"ताई, मीच तौआला म्हटलं, एकदा त्यांना घेऊन ये," ती हळू आवाजात म्हणाली. "ते म्हणायचे, पाक जमला नाही. शेवटपर्यंत म्हणायचे. काहीतरी राहतंय म्हणायचे. वीस वर्षं मी कमीजास्त करत्येय. तुम्हीच सांगा, काय राहतंय?"

सूयूनने आणखी एक चमचा घेतला. सावकाश. काहीही राहत नव्हतं. तिच्या स्वतःच्या पाकाला कधी आला नव्हता इतका गोल स्वाद होता.

"आलं करपवता तुम्ही," ती म्हणाली. "भाजूच नये."

"वाटलंच मला," बाई म्हणाली. तिने मान हलवली, दोनदा, शिकणाऱ्या माणसासारखी.

उद्या ती आलं भाजणार नाही. उद्यापासून हा पाक बिघडेल... या विचाराने सूयूनला आत कुठंतरी ऊब आली, आणि ती ऊब वाटी संपेपर्यंतसुद्धा टिकली नाही.

गल्लीच्या टोकाला तिने पोयेनचा दंड धरला. "मला का नाही सांगितलंस?"

तो रागावलेला नव्हता. तो जरा गोंधळला होता, इतकी साधी गोष्ट आईने विचारावी म्हणून. "तूच सांगितलं होतंस ना. या घरात त्यांचं नाव काढायचं नाही."

अकरा वर्षांचा होता. शाळेतून आलेला, दप्तर पाठीवर तसंच. मी त्याची हनुवटी धरून सांगितलं, आणि वदवून घेतलं... आणि त्याने ऐकलं. तेव्हापासून आजपर्यंत, बाप जाळून घरी आला तेव्हासुद्धा, त्याने ऐकलं. ज्याला मी त्याची माया म्हणत आले, शेजारणींना सांगत आले, ते हेच होतं. आणखी काय काय ऐकलं असेल त्याने माझं? विचारावं, असं तिला वाटलं. पण तो सांगेल, या भीतीने ओठ उघडेनात.

"आई, आता काय खाऊया?" चिंगवेनने घाबरत विचारलं.

"काहीही चालेल गं," सूयून म्हणाली. "मजा येतेय." आणि स्वतःचाच आवाज ऐकत ती उभी राहिली – सहज, मऊ, जराही न अडखळणारा. हुबेहूब पोयेनचा, बिल्ला म्हणाला होता तेव्हाचा.