रिकामी सीट

नवरा गेल्यावर यवतच्या मंगल कार्यालयाचं लॉन कापायचं काम साखरबाईंनी स्वतःकडं घेतलं. त्याचा छोटा ट्रॅक्टर त्यांनी विकला नाही. पात्यांना धार लावून, ग्रीस भरून त्याच चालवू लागल्या. चालवणारा सीटवरून उठला की ट्रॅक्टर आपोआप बंद पडे. एका दुपारी त्या दगड उचलायला खाली उतरल्या, तरी इंजिन चालूच राहिलं.

मेकॅनिक पप्पूनं सीटखालचं बटण दोनदा तपासलं. "काकू, बटण चांगलं हाय. कुणी बसल्याबिगर इंजिन चालायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. साखरबाई ट्रॅक्टरजवळ गेल्या.

"उतरा आता. ऱ्हायलेलं मी कापते."

इंजिन बंद पडलं. नंतर कितीतरी वेळ त्यांना त्या सीटवर बसवेना.